पाऊण ओहम

सगुणाबाई एका जागी स्वस्थ बसल्या आहेत, असं दिवा स्टेशनच्या पूर्वेकडल्या त्या पाचमजली बिल्डिंगीत कुणी पाहिलेलं नाही. टीव्हीसमोर बसल्या तर रिमोटचं झाकण काढून सेल फिरवून बघतील. देवळात कीर्तनाला गेल्या तर नजर बुवांवर कमी आणि वरच्या पंख्यावर जास्त, कारण पंखा जरा हळू फिरतोय आणि कंडेन्सर गेला असणार हे त्यांना पायरीवरच कळलेलं. "आईंना घडवताना देव बूड द्यायचं विसरला," असं त्यांची सून रसिका म्हणे. म्हणताना हसे, म्हणून सासूला राग येत नसे.

खरं सांगायचं तर या चुळबुळीवरच त्यांची नोकरी उभी राहिली. संगमेश्वरकडची सातवी पास मुलगी लग्न होऊन डोंबिवलीत आली आणि नवरा अकाली गेल्यावर पदर खोचून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथे गिझरचे आणि भट्ट्यांचे हीटर बनत. पॅकिंगच्या बायका एका जागी बसून आठ तास खोकी भरत, आणि ही बाई दर दहा मिनिटांनी उठून टेस्टिंगच्या टेबलापाशी जाऊन उभी. शेवटी फोरमन गोपीनाथ वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही तिकडेच उभ्या राहणार असाल तर पगार तरी तिकडचा घ्या."

टेबलावर दोन घड्याळांची एक पेटी होती. हीटरची पिन पेटीत खोचायची, पेटीची पिन भिंतीत. वरचा काटा व्होल्ट दाखवी, खालचा अँपिअर. गोपीनाथांनी पहिल्याच दिवशी खडूने टेबलावर लिहून दाखवलं होतं. "व्होल्टला अँपिअरने भागलं की अडथळा किती ते कळतं. त्याला ओहम म्हणायचं. गुणलं की ताप किती ते कळतं. त्याला वॅट म्हणायचं. एक भागाकार आणि एक गुणाकार, सगळा धंदा एवढाच. दोनशे तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर, तर अडथळा तेवीस आणि ताप तेवीसशे. पण एक लक्षात ठेवा. नुसते व्होल्ट बघून कधी ओके करायचं नाही. करंट वाहत नाही तोवर सगळेच साजूक. तापवून मोजा."

एकतीस वर्षं त्यांनी तापवून मोजलं. पुढे पुढे काटा थांबायच्या आत भागाकार तोंडात येई. त्यांचा लाल ओके ज्या हीटरवर पडे, तो गिऱ्हाइकाकडून परत येत नसे. कारखाना बंद झाला तेव्हा इतरांना घड्याळं आणि चांदीची नाणी मिळाली. सगुणाबाईंनी मागून घेतली ती पेटी.

दर दसऱ्याला या पेटीची पूजा होई. तिचाही एक रिवाज त्यांनीच पाडला होता. आधी घरातल्या गिझरवर पेटी एकदा चालवून बघायची, मग पुसून पाटावर ठेवायची. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. दसऱ्याला पूजेत बसवलेलं हत्यार उचललं तर ते वर्षभर हातावर उलटतं, हे त्या कारखान्यातल्या मोठमोठ्या प्रेस-मशीनवाल्यांनाही पटलेलं होतं, मग सगुणाबाईंना का पटू नये?

यंदाच्या दसऱ्याला सकाळी साडेआठला त्यांनी गिझर पेटीला जोडला. बटण दाबायच्या आधी दोनशे एकतीस व्होल्ट होते. दाबल्यावर काटा खाली आला आणि दोनशे तेविसावर थांबला. खालचा काटा आठ अँपिअरवर. त्याच क्षणी देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब जरा बसल्यासारखा झाला.

"आठ व्होल्ट पडले," त्या म्हणाल्या.

"पडू देत, आई. नऊच्या आत पूजा करायची आहे," रसिका झेंडूचं तोरण ओवत म्हणाली.

"गेल्या दसऱ्याला दोनच पडले होते."

आता याला कुणीही काय उत्तर देणार? बायकांना मागच्या दसऱ्याची साडी आठवते, सगुणाबाईंना व्होल्ट आठवतात. त्यांनी पेटी पदराखाली घेतली आणि समोरच्या विमलाबाईंचं दार वाजवलं. विमलाबाई पुरणाच्या हातानेच बाहेर आल्या. ही दोन घरं एकाच फेजवर होती. एकाचा दिवा गेला की दुसऱ्याचाही जाई. अशी सात घरं त्या बिल्डिंगीत अंधाराची सोबती होती. सगुणाबाईंनी त्यांच्या हॉलच्या प्लगला पेटी लावली आणि दारातून ओरडल्या, "रसिका, गिझर लाव!"

विमलाबाईंच्या घरात तेव्हा एक पंखासुद्धा चालू नव्हता. तरी काटा दोनशे एकतिसावरून दोनशे पंचविसावर आला. तीन वेळा गिझर लावला, तीन वेळा काढला, तिन्ही वेळा सहा व्होल्ट.

"काय हो, आमचं काही बिघडलंय का?" विमलाबाईंनी घाबरून विचारलं.

"तुमचं नाही. आपल्या सगळ्यांचं."

आपल्या घरचे दोन व्होल्ट घरच्या वायरीत जातात, ते ठीक. पण हे सहा व्होल्ट सात घरांच्या सामाईक वाटेवर कुठेतरी गळत होते. सहा भागिले आठ. पाऊण ओहम. गुणले तर अठ्ठेचाळीस वॅट, म्हणजे एका छोट्या बल्बाएवढा ताप. यात घाबरण्यासारखं काही नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पेटी रसिकाच्या हवाली केली. रसिकाने ती पुसली, पाटावर ठेवली, दोन्ही घड्याळांना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल ठेवलं. पेटी दिवसभरासाठी देव झाली.

मग सगुणाबाई पुऱ्या लाटायला बसल्या आणि तिसऱ्या पुरीला लाटणं हातातच राहिलं.

अठ्ठेचाळीस वॅट हा हिशोब एकट्या त्यांच्या गिझरचा होता. पण त्या वाटेवर सात घरं होती. आणि साडेअकराला पाणी येणार होतं.

दिव्यात पाणी येणं म्हणजे काय, हे दिव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दिवसातून एकदा येतं, पाऊण तास येतं, आणि आपसूक वर चढत नाही. म्हणून प्रत्येक घराने आपली छोटी मोटर बसवलेली. पाणी आलं रे आलं की विसाच्या वीस मोटारी एकदम घुरघुरायला लागतात. सात घरांच्या सात मोटारी, चार चार अँपिअरच्या, म्हणजे अठ्ठावीस झाले. एरवी निम्मी घरं कामावर असतात, मोटारी पुढेमागे लागतात, वीसवर भागतं. आज सण. सगळे घरात. त्यात कुणाचा गिझर, कुणाचा मिक्सर. चाळीस धरा.

चाळीस गुणिले पाऊण, तीस व्होल्ट. तीस गुणिले चाळीस.

बाराशे वॅट.

करंट पाचपट झाला की ताप पंचवीसपट होतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; एकतीस वर्षांत हाताने शिकवलं होतं. बाराशे वॅट म्हणजे पूर्ण तापवलेल्या इस्त्रीहून जास्त. आणि ही इस्त्री भिंतीत कुठेतरी एका जोडावर, बोटाएवढ्या जागेत.

तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. पावसाळा लागल्यापासून बिल्डिंगीतली पोरं एक खेळ खेळत. दुपारी दिवे मंद झाले की जिन्यात ओरडायची, "पाणी आलं! पाणी आलं!" मोठी माणसंही हंडे घेऊन धावत. नळाचा आवाज येण्याआधी दिवा सांगतो म्हणून सगळे खूश होते. खुद्द सगुणाबाईसुद्धा चार महिने ती खूण बघून उठत होत्या आणि मोटारीचं बटण दाबत होत्या. धोक्याची घंटा वाजत होती आणि त्या तिच्या तालावर पाणी भरत होत्या. आपल्यासारख्या बाईने हे ओळखू नये, याची त्यांना आधी लाज वाटली आणि मग संताप आला.

"रसिका, गिझर मी सांगेन तेव्हाच लाव आणि काढ. फोन कानाला ठेव," असं म्हणून त्या पीठभरल्या हातांनी खाली उतरल्या.

खाली गाळ्यात एक शिंपीकाका बसत. त्यांची लाइन रस्त्यावरच्या पेटीतून थेट आलेली, बिल्डिंगीच्या वाटेने नाही, पण फेज तीच. सगुणाबाई त्यांच्या मशीनच्या पिवळ्या बल्बाकडे टक लावून उभ्या राहिल्या. फोनवर सांगत होत्या, "लाव. काढ. लाव." बल्ब ढिम्म. पापणीसुद्धा हलवली नाही त्याने. शिंपीकाका बघत होते की बाईंना झालंय काय. म्हणजे दोष रस्त्यावर नव्हता. दोष बिल्डिंगीच्या आतच, मेन स्विच आणि मीटर यांच्या मधल्या वाटेवर. आणि त्या वाटेवर जोड एकच होता.

तो जोड त्यांना माहीत होता. चांगलाच माहीत होता.

बिल्डिंगीचा मालक काळुराम. जमीन त्याच्या वाडवडलांची, भातशेती आणि मिठागराची. त्यावर त्याने ही बिल्डिंग उठवली आणि पहिल्या मजल्यावर स्वतः राहिला. नातू झाला तर जिन्याखाली देवी बसवीन असा त्याने नवस केला होता आणि नातू झाला. पण जिन्याखाली मीटरचा बोर्ड. मग गेल्या माघात मीटर बाजूच्या भिंतीवर हलवले, मेन लाइन सहा हात लांबवली, आणि मधल्या जोडावर एक लोखंडी डबा बसवला. त्या डब्याच्या पुढ्यात आता देवीचं मखर होतं. मखराच्या मागे थर्माकोलची प्रभावळ, तिच्यामागे घड्या घालून लावलेल्या जरीच्या तीन साड्या. आणि बाजूने जिना. पाच मजल्यांवरच्या माणसांना उतरायला तोच एक जिना होता.

अकराला दहा कमी होते. काळुराम मखरासमोर खुर्ची टाकून बसला होता. नव्या सदऱ्यात, गळ्यात चेन, मांडीवर नातू. त्याची बायको आवडाबाई समईत तेल घालत होती. धुपाच्या धुराने जिना भरला होता. त्या धुरात आणखी कसला वास असता तरी कळला नसता.

"काळूशेठ, मेन स्विच बंद करा. आणि या साड्या काढा. मागच्या डब्यातला जोड तापतोय."

काळुरामने नातवाच्या तोंडातला अंगठा काढला. "काय गो सगुणाबाय, सनाच्या दिवशी पन सुरू झायलीस? परवा म्हनं माजा फ्रिज कुरकुरतंय, आज जोड तापतंय."

"शेठ, मी मोजलंय. पाणी आलं की बाराशे वॅट होतील तिथे. साडी पेटायला वेळ नाही लागणार."

"तीन वाजता देवीचा उत्थापन हाय. त्याआधी मखराला हात लावाचा नाय. भटजीनं सांगितलाय. आन लाइट बंद केली तं मोटारी बंद. सनाच्या दिवशी वीस घरांचा पानी तोरू? लोकां मना खातील."

"लोक राहिले तर खातील ना!"

हे जरा जास्त झालं. आवडाबाईने वळून पाहिलं. काळुरामचा आवाज चढला. "मना मीटरवर दाखव. काटा बघतूं, मंग बोल."

"मीटर पूजेत बसलंय."

"मंग झाला तं! तुजा हत्यार पूजेन बसलाय ता चालतंय, माजी देवी बसलीय तं उठवाची?" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो हसला. हसणं वाईट नव्हतं, पण सगुणाबाईंना ते सुरीसारखं लागलं. "आन अगो, त्या डब्यावं तुजाच ओके हाय ना? लाल रंगानं लिवलेला. तूच पास केलास, आन आता तूच बोंबलतंस?"

सगुणाबाई तडक वळल्या आणि चार मजले चढायला लागल्या. गुडघे दुखत होते, घाम कानामागून वाहत होता. मीटर हवं ना? आणते मीटर. देव मला क्षमा करो. दाखवते काटा. प्रत्येक पायरीला त्या मनात हेच घोळवत होत्या, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं.

घरात शिरल्या आणि देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पेटीवर झेंडूचं फूल होतं. हात पुढे झाला आणि अडला.

रसिका मागे येऊन उभी राहिली होती. हीच मुलगी, जी एकादशीला लसूण सोललेल्या हाताने देवाचं निरंजन लावत नाही. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, उचला. काय व्हायचं ते मला होऊ दे."

सगुणाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि त्याच वेळी जे मनात येऊ द्यायचं नव्हतं ते आलंच.

माघातली ती दुपार. वायरमन महेंद्रने जोड मारला होता. इकडून तांब्याची वायर, तिकडून काळुरामने स्वस्तात आणलेली अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही एकमेकींना पिळून वर टेप. काळुरामने सगळ्या बिल्डिंगीला खाली बोलावलं होतं. म्हणाला होता, "आपल्या बिल्डिंगीन फॅक्टरीची टेस्टिंगवाली बाय हाय, ती पास करंल तं पास." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कुणीतरी त्यांना मॅडम म्हणालं होतं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यांनी पेटी लावली, काट्याने दोनशे तेहतीस दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दुपारी माणसं नुकती कामावरून हाफ-डे घेऊन खाली जमलेली, घरांचे स्विच अजून बंदच होते. जोडातून करंट वाहतच नव्हता. करंट वाहत नसेल तर गंजलेला खिळासुद्धा पुरे व्होल्ट दाखवतो. हे त्यांना माहीत होतं. खालचा काटा शून्यावर होता, तो त्यांनी पाहिलाही होता. पण आवडाबाई शाल घेऊन उभी होती, सगळे ताटकळले होते. म्हणून त्यांनी ब्रश घेतला आणि डब्यावर लाल ओके लिहिला.

पेटी तेव्हाही खोटं बोलली नव्हती. त्यांनीच तिचं अर्धं ऐकलं होतं. मग आता तिला खाली नेऊन काय दाखवायचं? काटा बघून काळुराम पुन्हा तेच म्हणणार, की पास तर तूच केलंस. त्याला काट्याची शंका नव्हतीच. त्याचा त्या ओकेवर विश्वास होता.

"नको," त्या रसिकाला म्हणाल्या. "राहू दे तिला पूजेत. मला जे न्यायचंय ते न्यायला पेटी नाही लागत."

खाली आल्या तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. आरतीसाठी बायका जमायला लागल्या होत्या. विमलाबाई पुरणाचं ताट घेऊन उतरल्या होत्या. हे सगळे आत्ताच यायला हवे होते का, असं सगुणाबाईंना वाटलं. आणि मग वाटलं की टाळ्याही यांनीच वाजवल्या होत्या, तर बरंच आहे.

"काळूशेठ," त्या म्हणाल्या, "तो ओके खोटा आहे."

विमलाबाईंनी ताट पायरीवर ठेवलं.

"मी नुसते व्होल्ट बघितले. करंट वाहत असताना मोजायला हवं होतं. मला माहीत होतं. तुम्ही शाल घेऊन उभे होतात, सगळे मॅडम मॅडम करत होते, आणि मला म्हणवेना की थांबा, उद्या पाणी आलं की सगळ्यांच्या मोटारी लावून मोजते. म्हणून लिहिलं मी. एकतीस वर्षांत एकदाच न तापवता पास केलं, आणि ते मी राहते त्या बिल्डिंगीतच. आता शाल परत घ्या हवी तर. पण तो डबा उघडा."

काळुराम बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात वायरमन, गवंडी, नगरसेवक, सगळ्यांनी चुका केल्या होत्या, आणि एकानेही त्या अशा चारचौघांत त्याच्यासमोर मांडल्या नव्हत्या. तो नातवाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत राहिला.

हलली ती आवडाबाई. तिने समई बाजूला सरकवली, देवीसमोर हात जोडले. "आये, रागावू नको. तुजाच लुगरा बाजूला करतंय." आणि कडेच्या साडीला हात घालून ती ओढली.

साडी पुढून हिरवीगार होती. मागून तिच्यावर पुरीएवढा तपकिरी डाग पडला होता. आवडाबाईने त्याला बोट लावलं तर कापड भुगा होऊन खाली पडलं.

काळुरामने नातू विमलाबाईंच्या हातात दिला, पुढे झाला, डब्यावर तळवा टेकवला आणि "आयच्यान!" म्हणून झटक्यात मागे घेतला. अजून पाणी आलं नव्हतं. नुसत्या सकाळच्या गिझरांनी डबा एवढा तापला होता. काळुराम सरळ मेन स्विचकडे गेला आणि दांडा खाली ओढला.

देवीच्या माळा विझल्या. वरच्या मजल्यावरून एक पोर खूण ओळखून ओरडलं, "पाणी आलं!" आणि त्याच वेळी बाहेर रस्त्यावर खरोखरच नळांचा घरघराट सुरू झाला.

डब्याचे स्क्रू हाताने फिरवायचे होते. काळुरामने सदऱ्याच्या टोकाने धरून ते फिरवले. आतली टेप काकवीसारखी ओघळली होती. तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये पांढरट पूड धरली होती, आणि भोवतीचं सगळं काळं. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला सगुणाबाईंचा ओके होता. लाल रंगाला फोड येऊन तो करपला होता, पण वाचता येत होता.

पुढचं काही गोड नाही. कुणी सगुणाबाईंना खांद्यावर घेतलं नाही. वायरमनची हत्यारंही पूजेतच होती, तो दुसऱ्या दिवशीच येणार. दसऱ्याच्या दिवशी वीस घरं बिनविजेची आणि बिनपाण्याची. तळमजल्याच्या नळाला रांग लागली, पाचव्या मजल्यापर्यंत हंडे गेले, आणि हंड्यांबरोबर बोलणंही गेलं. "ओकेबाईंची कृपा," असं कुणीतरी जिन्यात म्हणालं. कुणीतरी हसलं. सगुणाबाईंनी स्वतःच्या घरचं पाणी आणायला रसिकाला खाली जाऊ दिलं नाही. सहा हंडे स्वतः चढवले. शिक्षा म्हणून नव्हे, असं त्या म्हणाल्या. बसवत नाही म्हणून.

संध्याकाळी सोनं लुटायची वेळ झाली. दरवर्षी आपट्याची पानं घेऊन अर्धी बिल्डिंग त्यांच्याकडे येई. यंदा मेणबत्ती लावून त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे कुणी आलं नाही हे दिसायला नको. विमलाबाई आल्या, सोनं देऊन पाया पडल्या आणि गेल्या. त्यांच्या मागून आवडाबाई आली, धापा टाकत. तिने आपट्याचं पान दिलं आणि कनवटीतून कागदाची पुडी काढली. आत त्या हिरव्या साडीचा करपलेला तुकडा होता.

"ये ठेव," ती म्हणाली. "शेठ बोललं, शाल परत नको म्हून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्रने जोड कापून काढला. सगळी वाट तांब्याची केली, टोकांना नीट कनेक्टर बसवले. काम चोख झालं. काळुरामने स्वतः नवं झाकण लावलं आणि खिशातून लाल रंगाची डबी आणि ब्रश काढला.

"हां सगुणाबाय. लिव ओके."

"साडेअकरा वाजू देत."

"अगो, आता तं सगला नवीन हाय!"

"माघातही नवीनच होतं."

त्या पेटी घेऊन जिन्याखाली उभ्या राहिल्या. पेटीच्या काचेवर अजून हळदकुंकू होतं. साडेअकराला नळ घरघरले. सगुणाबाईंनी वर ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी लावा! मोटार, गिझर, जे असेल ते!" वीस मोटारी घुरघुरल्या. महेंद्रने वायरीला चिमट्याचं मीटर लावून अँपिअर वाचले, त्यांनी डब्याच्या अलीकडे आणि पलीकडे व्होल्ट मोजले. मग पेटी बाजूला ठेवून त्यांनी झाकणावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. काळुराम दोनदा येऊन बघून गेला. पोरं जिन्यात जमली होती, दिव्यांकडे बघत, आणि दिवे मंद होत नव्हते म्हणून 'पाणी आलं' कधी ओरडायचं ते त्यांना कळत नव्हतं.

नळ थांबले तेव्हा सगुणाबाईंनी हात काढला. झाकण गार होतं.

ब्रश रंगात बुडवला आणि त्या थांबल्या. मग ओके लिहिलाच नाही. झाकणावर बारीक अक्षरांत लिहिलं: पाणी आलेलं असताना. दोनशे एकोणतीस व्होल्ट, एक्केचाळीस अँपिअर. खाली तारीख, आणि तारखेखाली नाव. सगुणा.

काळुरामने वाकून वाचलं. "येवरा कशाला?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायला," त्या म्हणाल्या, आणि पेटी उचलून निघाल्या. पहिल्या जिन्यावर थांबल्या, परत आल्या, आणि झाकणाला पुन्हा एकदा हात लावून बघितला.